गावची शाळा गावासाठी नेमकं काय करते? ऑनलाईनच्या दुकानातून पाहिलेलं

माझं गावात ऑनलाईनचं दुकान आहे. बोर्डावर आपले सरकार सेवा केंद्र असं लिहिलंय पण तसं कोणीच म्हणत नाही, सगळे "ऑनलाईनवाल्याकडं जाऊन येतो" म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, तालुका चौदा किलोमीटर, दुकानात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक अंगठ्याची मशीन आणि लाईट असली तर पंखा. अकरा वर्षं झाली इथं बसून. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली, गावात कोण किती शिकलं हे मार्कशीटवर दिसत नाही, काऊंटरवर दिसते.

"शिक्षणाने गावाचा विकास होतो" हे वाक्य आपण पंधरा ऑगस्टला इतक्यांदा ऐकलं की ते आता कानाला लागतच नाही. सरपंच म्हणतात, साहेब म्हणतात, टाळ्या होतात, पोट्टे बिस्किटाचा पुडा घेऊन घरी जातात. पण होतो म्हणजे कसा होतो? पोट्ट्यानं पाढे पाठ केले तर वावरात काय फरक पडते? ते जरा उलगडून सांगतो. मी मास्तर नाही, बी.ए. आहे तेही बाहेरून, पण सगळ्या गावाचे फॉर्म माझ्या हातून जातात.

पहिले पिकविम्याचं सांगतो. मागच्या एका हंगामात सोयाबीन कापून पडलं होतं आणि रात्री पाऊस आला. तेव्हा नियम असा होता की नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवायचं, ॲपवर नाहीतर टोल फ्री नंबरवर. आमच्या इथं दोन कास्तकार आहेत, वावराला वावर लागून. एकाची पोट्टी नववीत, तिनं मोबाईलवर आलेला मेसेज वाचला, दुसऱ्या दिवशी सकाळीच बापाला घेऊन वावरात गेली, फोटो काढले, टाकून दिले. दुसरे काकाजी पाचव्या दिवशी माझ्याकडं आले. "भाऊ, माहंबी भरून दे ना." मी म्हटलं काकाजी टाईम गेला. "कोणं सांगतलं?" म्हटलं तुमच्या मोबाईलवर मेसेज आला असंल पहा. त्यांनी मोबाईल पुढं केला, मेसेज होता, न उघडलेला, आणि त्याच्या खाली तसेच न उघडलेले चारशे.

वावर सारखं, पाऊस सारखा, नुकसान सारखं. फरक एका नववीतल्या पोट्टीचा. मला विचाराल तर शिक्षणानं विकास होतो म्हणजे पहिले हे होते. नोकरी लागणं फार पुढची गोष्ट आहे, लय कमी जणांची आहे. पण सातबाऱ्यावर नाव बरोबर लागलं का, बँकेच्या स्लिपवर किती शून्य आहेत, ओटीपी कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, हे रोजचं आहे आणि घरोघरचं आहे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीचे फॉर्म आले तेव्हा माझ्या दुकानापुढं सकाळी सातपासून लाईन, आणि ज्या बाईला स्वतःचं नाव वाचता येत होतं ती स्क्रीनकडं पाहून म्हणायची, "दादा, सासऱ्याचं नाव टाकलं तुम्ही, नवऱ्याचं टाका." तिचा फॉर्म एका फेरीत पास. जिला वाचता येत नव्हतं तिच्या फॉर्ममधली माझी चूक (होते चूक, दिवसाला साठ फॉर्म भरल्यावर) दीड महिन्यानं सापडायची.

आता यात एक मजेची गोष्ट आहे. घरात सगळ्यांनीच शिकलेलं असलं पाहिजे असं काही नाही, एक जण वाचणारा असला की बाकीच्यांचं बरंच भागते. कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर नावाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हेच मांडलं. साक्षरता मोजताना नुसती डोकी मोजू नका, ज्या घरात एक तरी वाचणारं माणूस आहे त्या घरातले अडाणी आणि ज्या घरात कोणीच नाही तिथले अडाणी हे सारखे नाहीत. आपल्याकडच्या कोणत्याही म्हातारीला विचारा, ती पेपर न वाचता हेच सांगंल. फक्त आमच्याकडं हे वाचणारं माणूस बहुतेक घरची पोट्टी असते, आणि पोट्टीचं लगन झालं की वाचणं सासरी जाते. माहेरचा मोबाईल परत न उघडलेला. उलट ज्या घरात ती सून म्हणून जाते तिथलं भलं होते, म्हणून एका गावानं पोट्टी शिकवली की फायदा दुसऱ्या गावाला आणि दुसऱ्यानं शिकवली की पहिल्याला. दोघांनी शिकवली तरच हिशेब जमते.

सुनेचं निघालं म्हणून गडचिरोलीचं सांगून टाकतो, कारण याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं तिथल्या ३९ गावांत नव्वदच्या दशकात एक प्रयोग केला. खेड्यात बाळंतपण घरीच व्हायचं, डॉक्टर दूर, बाळ पहिल्या महिन्यात जायचं. त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या, शिक्षण किती तर पाचवी ते दहावी, एवढंच. त्यांना बाळाचं वजन करणं, ताप मोजणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध-इंजेक्शन देणं शिकवलं. याचा निकाल १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. पुढं हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली, आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ मोजते ना, ते तिथून. आता विचार करा, त्या बाईला आकडे वाचता आले नसते तर? थर्मामीटर हातात असूनही काय उपयोग होता. ती कधीतरी झेडपीच्या शाळेत सातवीपर्यंत बसली होती, तिच्या बापाला वाटलं असंल वाया गेलं, भाकरीच थापायच्या आहेत. वीस वर्षांनी त्या सातवीवर गावातली लेकरं वाचली. शाळेचा फायदा असा असते, उशिरा येते, भलत्याच घरी येते आणि कोणाच्या हिशोबात लिहिला जात नाही.

बरं आता उलटी बाजू, कारण नुसतं कौतुक केलं तर मीबी पंधरा ऑगस्टचा पाहुणा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्के. अकोला, अमरावती, वर्धा, नागपूर हे जिल्हे ८७-८८ च्या घरात, म्हणजे राज्याच्या पुढं. गडचिरोली मागं, ७४. मग शिक्षणानंच विकास होत असता तर अमरावती विभागात शेतकरी आत्महत्या एवढ्या काऊन झाल्या? हा प्रश्न मला एका रिटायर गुरुजींनी दुकानात बसून विचारला होता आणि मी दोन दिवस त्याच्यावर होतो. उत्तर एका ओळीचं नाही. कोरडवाहू कापूस, पावसाचा भरोसा नाही, भाव आपल्या हातात नाही, कर्ज, हे सगळं फळा-खडूनं सुटत नाही. शाळा कालवा खोदत नाही. जे लोक म्हणतात की फक्त शिकवा, बाकी आपोआप होईल, ते एक तर भोळे आहेत नाही तर त्यांना बाकीचं करायचं नाही.

पण दुसरंही एक आहे, आपण शिकतो काय? २०१७ चा हंगाम आठवा. आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो जण दवाखान्यात. कारणं पुष्कळ सांगितली गेली, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवली, तोंडाला फडकं नाही, ऊन. त्यात शिकलेलेही होते, अडाणीच गेले असं अजिबात नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर एक रंगाचा त्रिकोण असते. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मी स्वतः बी.ए. झालो पण मला हे २०१७ पर्यंत माहीत नव्हतं. मला हिरवा म्हणजे पिकाला चांगलं असं वाटायचं! शाळेत आम्ही ज्वालामुखीचे प्रकार पाठ केले, जागृत, निद्रिस्त, मृत, आणि यवतमाळ जिल्ह्यात ज्वालामुखी कुठं आहे हे मी अजून शोधून रायलो. ज्वालामुखी शिकवू नका असं नाही म्हणत, पण डबा घराच्या आढ्याला टांगलेला असते, एक तास त्याच्यावरही द्या.

हे काही मी नवीन सांगत नाही. आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये देशभरातले शिक्षणवाले जमले होते, गांधीजींनी बोलावलेले. त्यातून झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली आणि नई तालीम नावाची पद्धत पुढं आली. सोप्या भाषेत सांगायचं तर, हातानं काहीतरी करता करता शिका. तकलीवर सूत काततानाच मोजमाप शिका, कापूस कुठून येते हे पाहता पाहता भूगोल शिका, भाजी लावताना विज्ञान शिका. सरकारी शाळांत ते पुढं कार्यानुभवाच्या तासापुरतं उरलं, आमच्या वेळी त्या तासाला आम्ही खडूच्या डब्याचा पेनस्टँड करायचो, दरवर्षी तोच. सेवाग्रामला मात्र आनंद निकेतन शाळेत अजून पोरं वाफे करतात, सूत कातात, स्वयंपाक करतात आणि त्यातूनच गणित-विज्ञान शिकतात.

आणि पंजाबराव. डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, इंग्लंडला जाऊन मोठ्या पदव्या घेऊन आले आणि परत आल्यावर १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, खेड्यातल्या कुणब्याच्या, कोणत्याही जातीच्या पोरांना राहायला वसतिगृह काढलं. पुढं देशाचे कृषिमंत्री झाले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. गाडगेबाबाही अमरावती जिल्ह्यातलेच, स्वतः शाळेत गेले नाहीत पण कीर्तनात ओरडून सांगायचे की ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराले शिकवा. त्या पिढीचा हिशोब सरळ होता, शिकलेला माणूस परत येईल. आमच्या पिढीत तो हिशोब चुकला. माझ्या दहावीच्या वर्गात आम्ही ३१ होतो. आज गावात ७. बाकी चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, काही पुण्यात डिलिव्हरीवर. ते पैसे पाठवतात, त्या पैशात विहिरी झाल्या, स्लॅब पडले, ते खोटं नाही. पण ग्रामसभेला कोरम भरायला माणसं पाहायला जा, म्हातारे आणि आम्ही सात. शाळा आमच्याकडं गावाबाहेर जायच्या एसटीसारखी झाली, जो चढला तो गेला.

सगळीकडं असंच झालं असंही नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं गाव आहे, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" हे घोषवाक्य त्यांचंच. देशात सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळालेल्या पहिल्या गावांत ते आहे, २००९ साली मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक पास द्यायचा अधिकार ग्रामसभेकडं आला, केंद्रातला मंत्री गावात येऊन देऊन गेला. हे कसं जमलं? त्यांनी अभ्यासगट चालवला. म्हणजे गावातली माणसं बसायची, ज्याला वाचता येते तो वाचायचा, कायदा काय म्हणते, जंगलात किती काय आहे, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, चर्चा करायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं. पदवी कोणाला मिळाली नाही त्यातून. पण हे शिक्षणच आहे, मी तर म्हणतो खरं शिक्षण हेच आहे, कारण इथं शिकलेलं गावातच वापरायचं होतं. बांबूचा अधिकार आधी गावाच्या हातात नव्हता आणि नंतर ग्रामसभेकडं आला, एवढाच फरक पाहिला तरी समजते.

आता येतो मुद्द्याच्या किचकट भागाकडं, म्हणजे गावची शाळा मुळात टिकते कशी आणि बंद कशी पडते. हे लोकांना माहीत नसते आणि सगळा खेळ इथंच आहे.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक पोराला फुकट शिक्षण, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. त्यात शिक्षक किती द्यायचे याचा तक्ता आहे. पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० पोरांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. वाचायला बरं वाटते. पण आमच्या शाळेत पोरं वीस-बावीस आणि वर्ग पाच. म्हणजे दोन सर, पाच वर्ग. एका सरांकडं पहिली-दुसरी, दुसऱ्यांकडं तिसरी-चौथी-पाचवी, एकाच खोलीत, एकाच फळ्यावर रेघ मारून. त्यात एक सर ट्रेनिंगला गेले, नाही तर मतदार यादीच्या कामाला लागले, नाही तर पोषण आहाराची माहिती ऑनलाईन भरायला रेंज शोधत पाण्याच्या टाकीवर चढले (हसू नका, आमच्या इथं टाकीवरच रेंज येते), की उरलेल्या एका माणसानं पाचही वर्ग सांभाळायचे. तो शिकवत नाही, राखते.

मग गावातला ज्याच्याकडं चार पैसे आहेत तो पाहते आणि पोट्ट्याला कॉन्व्हेंटमध्ये टाकते. आमच्याकडं इंग्रजी बोर्ड असलेल्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, चर्चचा काही संबंध नाही. सकाळी साडेसातला तालुक्याहून पिवळी गाडी येते, त्यात टाय लावलेले लहान लहान लेकरं कोंबून नेते. त्या लेकराला घरी कोणी इंग्रजी बोलणारं नाही, तिथल्या मॅडमलाही फार येत नाही, ते पोट्टं "माय नेम इज" म्हणते आणि आजी खूष. दोष मी बापाला देत नाही, मीच माझ्या मोठ्याला दोन वर्षं पाठवलं होतं. तिसरीत गेल्यावर कळलं की त्याला ना मराठीतलं गणित समजते ना इंग्रजीतलं, तेव्हा परत आणला, बायको महिनाभर बोलली नाही.

पण चार पोरं गाडीत बसली की झेडपीचा पट चारनं कमी. पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या पोरांची संख्या. दरवर्षी संचमान्यता होते, म्हणजे या शाळेला यंदा किती शिक्षक मंजूर ते ठरते, आणि ते या पटावर ठरते. पट कमी, शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून शिकवणं कमी, म्हणून अजून दोन पोरं गाडीत. असं फिरत फिरत शाळा विसाच्या आत येते, आणि विसाच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय २०२३ मध्ये निघालाच होता. समूह शाळेत वर्गाला वर्गशिक्षक मिळंल, खेळाचं सामान मिळंल, हे बरोबर आहे, मला ते नाकारता येत नाही. पण जुलैत नाला भरून वाहते तेव्हा सहा वर्षांचं लेकरू तिकडं कसं जाईल हे कागदावर दिसत नाही. आणि पहिली गळती पोट्टीची होते, पोट्ट्याला बाप गाडीवर सोडून येते.

गावातून शाळा गेली की अजून काय जाते तेही सांगतो. खिचडी जाते. १५ ऑगस्ट १९९५ ला मध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली तेव्हा आम्हाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे, ८० टक्के हजेरी असली तर, आणि माझी माय त्या तांदळासाठी मला तापातही शाळेत पाठवायची. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिजवूनच द्या, मग खिचडी आली. ती शिजवणारी बाई गावातलीच, बहुतेक विधवा किंवा एकटी, तिला महिन्याला अडीच हजार मानधन मिळते, थोडं आहे पण तिच्या हातातलं आहे. मतदान शाळेत होते, पोलिओ शाळेत, पुरात माणसं शाळेत. गावातला एकमेव सरकारी माणूस जो रोज येते तो मास्तर. तलाठी रोज येत नाही, ग्रामसेवकाकडं तीन गावं. शाळा गेली की सरकार आठवड्याचं होते.

कायद्यानं पालकांच्या हातात एक गोष्ट दिली आहे, शाळा व्यवस्थापन समिती. त्यात ७५ टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा, अनुदानाचा खर्च त्यांनी पाहायचा. मी एक टर्म होतो. पहिल्या वर्षी रजिस्टर माझ्या दुकानात यायचं सहीला, मीटिंग नाहीच. दुसऱ्या वर्षी आम्ही चार-पाच जण खरंच जाऊन बसलो, तेव्हा कळलं की संडासाला दार होतं पण पाणी नव्हतं, म्हणून चौथी-पाचवीच्या पोट्ट्या दुपारी घरी यायच्या त्या परत जात नव्हत्या. पाईप टाकायला नऊशे रुपये लागले. नऊशे!

हजेरीचं अजून एक गणित आहे ते शहरातल्या माणसाला दिसत नाही. आमच्या शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटी उघडतात, दसरा-दिवाळी आली की कापूस फुटते आणि वेचणी किलोवर असते. दहा वर्षाची पोट्टी दिवसाला पाच-दहा किलो वेचते, ते पैसे घरात लागतात. "काऊन वं, शाळेत नाई गेली?" "मायसंगं वेचणीले गेली होती दादा." पूर्वेकडं, गोंदिया-भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीत, मार्च-एप्रिलमध्ये मोह पडते, पहाटेच वेचावं लागते, मग मे महिन्यात तेंदूपत्ता. आता गणित हे विहिरीच्या पायऱ्यांसारखं आहे, मधल्या तीन निघून गेल्या तर वरच्या असून फायदा नाही. नोव्हेंबरात भागाकार शिकवला तेव्हा ती वावरात होती, डिसेंबरात अपूर्णांक आले ते कशावर उभे राहतील? असर नावाची पाहणी देशातल्या खेड्यांत होते, २०२४ मध्येही पाचवीतल्या साधारण निम्म्याच पोरांना दुसरीचा धडा नीट वाचता आला. लोक म्हणतात शिक्षक शिकवत नाहीत. काही नाही शिकवत, खरं आहे. पण वर्गात नसलेल्या पोराला कोण शिकवंल.

भाषेचं थोडक्यात सांगतो. आमच्या गावापासून दोन किलोमीटरवर कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, आहे. तिथलं लेकरू घरी कोलामी बोलते, पहिलीत येते आणि समोर मराठी. सहा महिने ते गप्प बसते आणि सर रिपोर्टमध्ये लिहितात की प्रगती कमी. ते लेकरू मंद नाही, त्याला भाषाच कळत नाही, मला उद्या तमिळ शाळेत बसवा, मीबी मंदच. गडचिरोलीत गोंडी-माडियाचं तसंच. हेमलकशाला लोकबिरादरीची शाळा १९७६ पासून आहे, माडिया पोरं तिथं शिकून डॉक्टर-मास्तर झाली आणि काही परत त्याच भागात कामाला लागली. मोहगावला ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच काढली, मग मान्यतेचा वाद झाला. २०२० चं नवं धोरण पाचवीपर्यंत मातृभाषा म्हणते, पण कोलामी येणारा मास्तर पाहिजे ना, तो तेव्हाच मिळंल जेव्हा पोडावरची पोट्टी बारावी करून डी.एड. करंल.

आणि ती बारावी करंल का हे निळी बस ठरवते. आठवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावात असते. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांना मुलींसाठी सात-सात बसेस दिल्या, त्या निळ्या रंगाच्या, पोट्टींना फुकट, आणि शाळा जवळ असलेल्यांना सायकल. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत या भागातल्या शिक्षणावर सगळ्यात मोठा परिणाम कशाचा झाला असंल तर तो या बसचा, कोणत्याही नव्या पुस्तकाचा नाही. बस टाईमवर असली तर बाप निश्चिंत. दिवाळीनंतर लवकर अंधारते, बस चारदा उशिरा आली की बाप म्हणते बस झालं आता, पाहुणे पाहू. एवढ्यावर आहे सगळं.

या वर्षीचं सांगतो, आमच्या शाळेचा पट २१ आहे. पण संचमान्यतेत तेच पोर धरतात ज्याचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळते, आणि ३० सप्टेंबरच्या आत जुळलं पाहिजे. तिघांचं जुळत नाही. एकाचं नाव शाळेत यश आणि आधारवर येश, एकीची जन्मतारीखच वेगळी, आणि पोडावरच्या एका पोट्ट्याचं आधारच काढलेलं नाही. म्हणजे सरकारी हिशोबात आम्ही १८. माझ्या मशीनवर आधार दुरुस्ती होत नाही, तालुक्याला केंद्रावर जावं लागते आणि तिथं दिवसाचे ठरावीक टोकन असतात. सर म्हणाले, "दादा, तुम्ही नेता का, मी गेलो तर पाचही वर्ग उघडे पडतात." सोमवारी दुकान बंद ठेवतो. येश आणि पोडावरचा माझ्या गाडीवर, त्या पोट्टीला तिची आजी निळ्या बसनं घेऊन येते म्हणाली.